ग्रीक-रोमन ग्रंथांचें एक लहानसें कपाट

नरखेडच्या मुलाला होमर कशाला हवा, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो, आणि विचारणारा बहुधा पालकच असतो. आंबिया बहार हातीं लागेल कीं नाहीं ह्याची ज्याला काळजी, त्याचा हा प्रश्न अगदींच अवाजवी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि उत्तर देणें प्राप्त आहे.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा 1804 पासून 1808 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट होता. काम थोडें, फावला वेळ पुष्कळ; तो त्यानें ग्रीक ग्रंथांच्या अध्ययनांत घालविला. पुढें 1817 च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली, पुण्यास संगमावरील रेसिडेन्सी जळाली, आणि त्याचे ग्रंथही जळाले. त्याचें राजकारण आम्हांस प्रिय नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु जें वाचून झालें होतें तें आगीला सांपडलें नाहीं.

म्हणून कपाट भरण्याची घाई नको. एक ग्रंथ वाचून संपल्याखेरीज दुसरा घेऊं नये. इसापनीति घरीं बहुधा असतेच. बापू छत्रे ह्यांनीं ती 1828 सालींच मराठींत आणली. तेव्हां संग्रहाला आरंभ झालाच म्हणावयाचा! त्यानंतर 'ओडिसी'चें एखादें सोपें इंग्रजी गद्य भाषांतर घ्यावें, आणि वरच्या वर्गांतील मुलांनीं विंदा करंदीकरांनीं 1957 सालीं मराठींत आणलेलें ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र. लोएब ग्रंथमाला 1912 पासून निघत आहे. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. ग्रीक ग्रंथांचें वेष्टन हिरवें, लॅटिनचें तांबडें. तिचे पांचशेंहून अधिक खंड आहेत. ते सर्व मांडून ठेवणें म्हणजे दिवाणखान्याची शोभा होय, विद्या नव्हे. एक हिरवा व एक तांबडा पुरे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या छोट्या ग्रीक ग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, हीं नांवें आहेत. तेथील माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलुखांतून, भडोचच्या बंदरास जात असे, असें त्यांत सांगितलें आहे. ज्याच्या घरचीं संत्रीं गाडींत भरून परगांवीं जातात, त्या मुलाला हें पान परकें वाटेल काय?

हल्लीं ह्यांतील पुष्कळ ग्रंथ मोबाईलवर फुकट मिळतात, असें कोणी म्हणेल. खरें आहे, अवश्य वाचावेत. परंतु समासांत थोरल्या बहिणीनें पेन्सिलीनें केलेली खूण धाकट्या भावाला सांपडते, ती विकत घेतलेल्या पुस्तकांतच.