विश्लेषण : लडाखच्या थंडीसाठी ‘हीटेड ग्रिप’ घेताय? आधी गाडीची वीज मोजा

लडाखचे रस्ते खुले झाले की पुणे, मुंबई, नाशिकमधून दुचाकीस्वारांचे गट निघू लागतात. त्यांच्या खरेदीच्या यादीत जॅकेट, गुडघ्याचे पॅड, मोबाइल होल्डर यांच्या जोडीला आता आणखी एक वस्तू दिसते. ती म्हणजे हीटेड ग्रिप, अर्थात बॅटरीच्या विजेवर गरम होणारी हँडलची मूठ. ऑनलाइन बाजारात ती काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत मिळते. निवड बहुतेकदा किंमत, दिसणे आणि बटणावर तापमानाच्या किती पायऱ्या आहेत यावर होते. प्रत्यक्षात हा प्रश्न मुठीचा कमी आणि गाडीच्या विजेचा जास्त आहे.

हात गारठल्याने नेमके काय बिघडते?

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, तर खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे लेहमध्ये सकाळी १२ अंश असतील तर खिंडीत पारा शून्याच्या आसपास असतो. त्यात वाऱ्याची भर. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान विभागांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार शून्य अंशात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला उणे सहा-सात अंशांसारखा झोंबतो. ताशी ६० किलोमीटरला तोच आकडा उणे ९ होतो. दुचाकीवर हा वारा स्वार स्वतःच तयार करतो आणि त्याचा पहिला मारा बसतो तो हातांवर.

शरीर अशा वेळी छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात. बधिर बोटांना क्लच अर्धा सुटला की पूर्ण, हे कळत नाही आणि पुढचा ब्रेक किती दाबला याचा अंदाज राहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बोटे ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पोहोचली तरी आठ मीटर हातचे गेले. त्यामुळे हीटेड ग्रिपला ‘लाड’ म्हणून हसणाऱ्यांचे काही खरे नाही. मात्र ती प्रत्येक गाडीला झेपतेच, असे मानणाऱ्यांचेही नाही.

गाडीला ही वीज परवडते का?

चांगल्या हीटेड ग्रिपची जोडी पूर्ण क्षमतेवर तीन ते चार ॲम्पिअर वीज ओढते. १२ व्होल्टने गुणले तर ३६ ते ४८ वॉट. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांचा हॅलोजन हेडलाइट ३५ वॉटचा असतो. म्हणजे ग्रिप सुरू करणे हे गाडीला आणखी एक हेडलाइट लावण्यासारखे आहे.

पूर्वी गरज पडली तर दिवसा हेडलाइट बंद ठेवून वीज वाचवता येत असे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच पेटणारा हेडलाइट सक्तीचा झाला, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आले आणि बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसले. त्याचा पंप आणि कंट्रोल युनिटही सतत वीज घेतात. लडाखला निघालेल्या गाडीवर याशिवाय दोन जादा फॉग लाइट आणि मोबाइलचा चार्जर असतोच. कंपनीने गाडीचा स्टेटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘कॉइल प्लेट’, या सगळ्याचा हिशेब धरून बनवलेला नसतो.

खरी गोम पुढे आहे. कमी आरपीएमवर स्टेटर कमी वीज बनवतो. लष्करी ताफ्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत खिंड चढताना थंडी सर्वाधिक आणि वीजनिर्मिती सर्वांत कमी असते. तूट बॅटरी भरून काढते आणि थंडीत बॅटरीची क्षमताही घटलेली असते. आठ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतून चार ॲम्पिअर सतत काढले तर कागदावर ती दोन तास चालते. पण सेल्फ मारण्याइतका जोर त्याच्या कितीतरी आधी संपतो. अनेक नव्या मोटारसायकलींना किक नाही. खिंडीत फोटोसाठी इंजिन बंद केलेली गाडी मग ढकलस्टार्ट करायची, तीही पाच हजार मीटरवरच्या विरळ हवेत.

ही तपासणी घरच्या घरी होते. बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावावा. सुस्थितीतील बॅटरी इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या थोडे वर दाखवते, तर इंजिन चालू असताना आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा असायला हवा. आता हेडलाइट, फॉग लाइट, चार्जर असे जे जे प्रवासात चालणार ते सगळे सुरू करून नेहमीच्या आरपीएमवर पाहावे. ग्रिप बसवण्याआधीच आकडा १३ च्या खाली जात असेल, तर ग्रिपचा विचार सोडावा किंवा फॉग लाइट उतरवावेत. ही पाच मिनिटांची चाचणी न करता केलेली खरेदी म्हणजे लॉटरीचे तिकीट.

मग कोणता प्रकार घ्यावा?

यूएसबीवर चालणाऱ्या, वेलक्रोने गुंडाळायच्या पट्ट्या सर्वांत स्वस्त. पाच व्होल्ट आणि दोन ॲम्पिअर म्हणजे दोन्ही हातांसाठी मिळून दहा वॉट. चांगल्या ग्रिपच्या पाव हिश्श्याच्याच जवळपास, तेही बाहेरच्या वाऱ्यात. घेऊ नयेत, इतके पुरे.

दुसरा प्रकार मूळ रबरी मुठीखाली चिकटवायच्या पातळ हीटिंग पट्ट्यांचा. मूळ मूठ कायम राहते, खर्चही कमी. अडचण डाव्या हाताची आहे. उजवीकडे मूठ एक्सिलेटरच्या प्लास्टिक नळीवर असते, डावीकडे थेट हँडलच्या धातूवर. धातू उष्णता शोषून पसरवतो, त्यामुळे पट्टी मुठीऐवजी हँडल तापवत बसते आणि डावा हात गारच राहतो. चांगल्या किटमध्ये डावीकडची पट्टी जास्त वॉटची असते किंवा खाली उष्णतारोधक थर असतो. दुकानदाराला हा एक प्रश्न विचारला तरी मालाची पारख होते.

तिसरा प्रकार म्हणजे आतच तार बसवलेली पूर्ण मूठ. महाग, पण बसवायचीच तर हीच बसवावी. मोजमाप मात्र घ्यावे. बहुतेक मोटारसायकलींचे हँडल मुठीच्या जागी २२ मिलिमीटर जाड असते, काही क्रूझरचे एक इंच. लांबी जुळली नाही तर मूठ कापावी लागते आणि आत तार असलेली प्रत्येक मूठ कापता येत नाही.

बटणावर किती पायऱ्या आहेत यापेक्षा कंट्रोलर काय करतो हे महत्त्वाचे. स्वस्त किटमध्ये ‘लो’ पर्यायासाठी एक रेझिस्टर जोडलेला असतो, म्हणजे काही वीज मुठीत न जाता वायरिंगमध्येच जळते. चांगला कंट्रोलर वीजपुरवठा वेगाने चालू-बंद करत सरासरी कमी करतो. बॅटरी साडेअकरा व्होल्टच्या आसपास उतरली की स्वतःहून बंद होण्याची सोय त्यात असते. लडाखसाठी ही सोय नसलेली ग्रिप कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

सगळा भार ग्रिपवरच का टाकायचा?

कारण नसताना टाकूही नये. ग्रिप तळहात तापवते. वारा लागतो तो हाताच्या पाठीला आणि ब्रेक-क्लचवर ठेवलेल्या बोटांना, जी मुठीला टेकलेलीच नसतात. ते काम हँडगार्डचे. त्याला वीज लागत नाही आणि दगड-फांद्यांपासून होणारे रक्षण वरचे. जाडजूड ग्लोव्ह घालून ग्रिप लावणे हाही विरोधाभासच. तळव्याकडचे अस्तर जाड असेल तर बाहेरची थंडी अडते तशी मुठीची ऊबही अडते. ग्रिपसोबत तळव्याला पातळ आणि पाठीला जाड ग्लोव्ह हवेत. आणि पाणी आत जाऊ न देणारे. कारण खिंडीत पाऊस किंवा बर्फ लागला आणि ग्लोव्ह भिजले की ४० वॉटही कमी पडतात.

वर्षातून एकदाच लडाखला जाणाऱ्याने आधी हँडगार्ड आणि चांगल्या ग्लोव्हवर खर्च करावा, ग्रिपचा क्रमांक त्यानंतर. हिवाळाभर घाटात किंवा पहाटे महामार्गावर फिरणाऱ्या मोठ्या गाडीच्या स्वाराला ग्रिप पैसे वसूल करून देते. आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, त्या दिवसांत पहाटे शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे कॅन किंवा वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहणाऱ्यांना यातले काहीच नको. उत्तरेत हिवाळ्यात रस्तोरस्ती विकली जाणारी, हँडलवर चढवायची जाड हँड कव्हर त्यांच्या हातांना जास्त ऊब देतील. त्यांची थंडी एका सहलीपुरती नसून पूर्ण हंगामाची असते, तरी आपल्याकडच्या दुकानांत लडाखचे सामान सहज मिळते आणि ही कव्हर शोधावी लागतात, ही जरा विचित्रच गोष्ट.

बसवताना कुठे चुकते?

सर्वांत धोकादायक चूक एक्सिलेटरच्या बाजूला होते. तिथली मूठ फिरते, म्हणून तारेला ढील हवी. मूठ पूर्ण पिळून सोडल्यावर ती स्वतःहून झटकन मागे आली पाहिजे, हँडल दोन्ही टोकांना वळवलेले असतानाही. तार अडकली किंवा मूठ बार-एंडला घासली तर इंजिनचा वेग उतरत नाही. घाटातल्या वळणावर हे कळू नये.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूजमधून आणि रिलेमार्फत घ्यावी. रिले इग्निशनवर चालावा, म्हणजे चावी काढताच ग्रिप बंद. चार ॲम्पिअरच्या भाराला पाच ते साडेसात ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. हॉर्न किंवा हेडलाइटच्या वायरला ‘टॅप’ मारून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिककडून गाडी परत घ्यावी. मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचा वाद होऊ शकतो, त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरला विचारलेले बरे.

हे सगळे निघण्याच्या आदल्या रात्री उरकण्याचे काम नाही. डिसेंबर-जानेवारीत माळशेज किंवा महाबळेश्वरची पहाट यासाठी पुरेशी थंड असते. ग्रिप पूर्ण क्षमतेवर ठेवून तासभर गाडी चालवावी, घरी येऊन ग्रिपचे बटण बंद न करता फक्त चावी काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारून पाहावा. तो पहिल्या झटक्यात लागला नाही तर रिलेची जोडणी पुन्हा तपासायला गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.