निवृत्त सिस्टरांनो आणि शेजारणींनो, तिला हात द्या



मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी एखादी तरी बाई आपल्या गल्लीत, सोसायटीत असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की, जगात साधारण सहापैकी एकाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. तरी ती गप्प असते. बोलली की 'गोड बातमी कधी?' मागे लागतं.

यातला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार, कसा असतो, हे घरातल्यांनाही नीट ठाऊक नसतं. 8 ते 14 दिवस रोज पोटात सुई. मध्ये मध्ये सोनोग्राफी, रक्ततपासणी. स्त्रीबीजं काढण्याच्या साधारण 36 तास आधीचं इंजेक्शन तर अगदी ठरल्या मिनिटाला घ्यायचं, तेही बहुधा रात्री. मग गर्भ आत सोडल्यावर दोन आठवडे जीव टांगणीला. दोष नवऱ्यात असला तरी सुया हिलाच, आणि बोलणीही हिलाच. हा अन्याय आहे.

म्हणून पहिली विनंती निवृत्त सिस्टरांना. 1978 मध्ये इंग्लंडात जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यामागच्या तिघांपैकी जीन पर्डी या परिचारिका होत्या. तुमचा या कामाशी संबंध असा मुळापासूनचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे रात्रीचं इंजेक्शन द्यायला जा, सुई कशी घ्यायची ते तिला शिकवा. पोट फार फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर तिला ताबडतोब दवाखान्यात न्या.

सासूबाई, जावा, नणंदा, तिला हळदीकुंकवाला बोलवा आणि तिचीही ओटी भरा. डोहाळजेवणाला यायचं की नाही, हे मात्र तिला ठरवू द्या. नवरेमंडळींनी तपासणीला सोबत जावं. साहेबांनी त्या सकाळची रजा कारण न विचारता द्यावी.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर 'होईल पुढच्या वेळी' म्हणू नका. जेवणाचा डबा पोचवा, रडली तर रडू द्या. पुन्हा प्रयत्न करायचा की थांबायचं, हे त्या दोघांचं ते पाहतील.

आणि ताई, तुझ्यासाठी: अशा उपचारांविषयीच्या 2021 च्या कायद्यानुसार समुपदेशन देणं उपचार केंद्रावर बंधनकारक आहे. ते हक्कानं माग.

ज्या सिस्टर आठवड्यातली एखादी संध्याकाळ देऊ शकतील, त्यांनी आपल्या भागातल्या महिला मंडळात नाव द्यावं. मंडळांनी ती यादी जवळच्या उपचार केंद्रात पोचवावी. मदत घेणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठेही लिहू नये.