डावा मेंदू, उजवा हात

शारीरिक शिक्षणातील प्रबंधांना एक विषय फार आवडतो : विद्यार्थ्यांच्या मेंदूचे वर्चस्व आणि व्हॉलीबॉलची कौशल्ये. प्रश्नावली भरून घ्यायची, कोण ‘डाव्या मेंदूचा’ आणि कोण ‘उजव्या मेंदूचा’ हे ठरवायचे, मग सर्व्हिस, पास, स्मॅशच्या चाचण्यांतील गुणांशी त्याची सांगड घालायची. आकडे निघतात, पदवीही मिळते. पण आवडीनिवडी विचारणाऱ्या कागदाला मेंदू दिसला कुठून?

रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामाचा उलगडा केल्याबद्दल. त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांचे दोन अर्धगोल जोडणारे तंतूच फेफऱ्यावरचा उपाय म्हणून कापलेले होते. भाषेचा कारभार बहुतेकांत डावीकडे चालतो, हेही खरे. पण त्यावरून हिशेबी माणसे डावी आणि कलावंत उजवे अशी वाटणी करण्याचा उद्योग पुढे लोकप्रिय पुस्तकांनी आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांनी केला. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. ज्याचा सबंध मेंदूच एका बाजूला झुकलेला आहे, असा माणूसप्रकार त्यांत आढळला नाही.

मैदानावर तर ही वाटणी क्षणभरही टिकत नाही. लिफ्टरने चेंडू उचलला की स्मॅशर त्याचा अंदाज घेतो, धावतो, दोन्ही पायांवर उडतो, एक हात वर नेऊन तोल साधतो आणि दुसऱ्याने मारतो. पुरुषांचे नेट २.४३ मीटरवर. यातले कुठले काम एकट्या अर्ध्या मेंदूवर सोपवायचे?

मुलांना खेळ येत नाही याची कारणे बरीच साधी असतात. चाळीस जणांच्या वर्गात तीन चेंडू असले, तर तासाभरात प्रत्येकाचा हात चेंडूला लागणार किती वेळा? शिवाय आज फक्त सर्व्हिस, उद्या फक्त पास, अशी घोकंपट्टी. बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस मिसळून सराव केलेल्या मुलींच्या त्या पुढे अधिक पक्क्या राहिल्या, हे १९८६ मधल्या एका प्रयोगात दिसले होते. आमच्या वेळापत्रकांपर्यंत ते पोचलेले नाही.

डाव्या-उजव्याचा एक फरक मात्र व्हॉलीबॉलमध्ये खरोखर मोलाचा आहे, तो हाताचा. उजव्या हाताच्या स्मॅशरची शेवटची तीन पावले डावे-उजवे-डावे अशी पडतात, डावखुऱ्याची नेमकी उलट. नेटच्या उजव्या कडेला डावखुरा भारी पडतो, कारण तिथे लिफ्ट अंगावरून पलीकडे जाण्याआधीच त्याच्या मारत्या हातासमोर येते. तरी सगळ्या वर्गाला शिट्टीच्या तालावर एकच पाऊल शिकवले जाते आणि त्यात अडखळणारा डावखुरा ‘ढ’ ठरतो. त्याला ओळखायला प्रश्नावली लागत नाही. पहिल्या तासाला चेंडू फेकायला सांगितले तरी कळते.