ओवाळणी नव्हे, येणे!

दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्रांत एक मथळा हटकून झळकतो: 'पेन्शनरांना सरकारची दिवाळी भेट!' या 'भेट' शब्दाची मला मनस्वी चीड आहे. भाऊबिजेला ताटात पडते ती ओवाळणी; ती देणाऱ्याच्या मर्जीची. पण वाण्याची थकलेली उधारी कोणी धनत्रयोदशीला चुकती केली, तर तिला ओवाळणी म्हणण्याचे धाडस कोण करील?

ही 'भेट' म्हणजे पेन्शनीवरचा महागाई भत्ता. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी धरायची आणि जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा दर ठरवायचा, अशी त्याची रीत. यात पेन्शन वाढत नाही; रुपयाला पडलेले भोक तेवढे बुजते, आणि तेही मागाहून. 2024 साली 1 जुलैपासून देय असलेले तीन टक्के केंद्राने जाहीर केले 16 ऑक्टोबरला. साडेतीन महिने रखडलेल्या पैशाला तोरणे कशाची बांधता? (आपल्या राज्याच्या शासननिर्णयांत तर या रकमेला 'महागाई वाढ' म्हणतात. महागाई आपणच वाढवल्याची ही कबुली समजावी की काय!)

पण उशिराचे दुःख सोसवते. 2020 साली जे झाले ते मात्र विसरता येत नाही. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने चार टक्के मंजूर केले. करोना आला आणि एप्रिलात ते गोठवले गेले. पाठोपाठचे दोन हप्तेही गोठले. 1 जुलै 2021 पासून दर 17 वरून एकदम 28 टक्के झाला खरा, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळणार नाही, असे सांगण्यात आले. पुढे संसदेत सरकारनेच आकडा दिला. कर्मचारी आणि पेन्शनर मिळून 34,402 कोटी रुपये वाचले! पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली पोळी उचलून 'माझी एक पोळी वाचली' म्हणणारा गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही.

आमचे अण्णा केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मूळ पेन्शन बारा हजार. पहिले सहा महिने दरमहा 480, पुढले सहा 840, शेवटचे सहा 1,320. मुलांना शेकडेवारी शिकवणाऱ्या मला त्यांनी ही बेरीज तपासायला दिली: 15,840 रुपये. बरोबर होती. त्यांनी ती हिशेबाच्या वहीत 'येणे' या सदरात टिपली.

"तिजोरीच रिकामी होती, काय करणार?" असे विचारणारे भेटतात. मान्य! देश संकटात होता, आणि अण्णांसारखी माणसे मागितले असते तर कर्जाऊ देतीही. पण मग ते कर्ज म्हणून लिहा. लांबणीवर टाकणे वेगळे आणि गिळून टाकणे वेगळे.

"सरकारी पेन्शनरांचे लाड पुरे," असेही कोणी म्हणेल. त्याला मी सांगेन, की ज्यांना 'येणे' हे सदरच नाही त्यांच्याकडे पाहा. गिरण्या-कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांसाठी 1995 ची पेन्शन योजना आहे. तिच्यात महागाई भत्त्याची सोयच ठेवलेली नाही. 2014 साली किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरली. 2024 साल उजाडले तरी हजारच! बुलढाण्याला या म्हाताऱ्यांनी 2018 पासून साखळी उपोषण मांडले, मागणी साडेसात हजारांची आणि महागाई भत्त्याची. आणि दारिद्र्यरेषेखालच्या निराधार वृद्धाला केंद्राकडून 2007 साली दरमहा दोनशे रुपये मिळत, ते ऐंशीच्या आतल्यांना 2024 सालीही दोनशेच. सतरा वर्षांत डाळ, तेल, औषध कोठल्या कोठे गेले! इथे भत्ता गोठवण्याचा प्रश्नच नाही, माणूसच गोठवून ठेवला आहे. सरकारी पेन्शनरांचे लाड थांबवावेत म्हणणाऱ्यांनी या दोनशे रुपयांत एक महिना काढून दाखवावा, मग बोलावे.

अण्णांना मी एकदा म्हटले, "अण्णा, ते पैसे आता यायचे नाहीत. खोडून टाका ती ओळ."

"यायचे नाहीत हे मला कळतं रे," ते म्हणाले. "पण मी खोडलं, तर मी सोडून दिलं असं होईल."

2023 साली अण्णा गेले. आईला आता कुटुंब-पेन्शन मिळते. लक्ष्मीपूजनाला ती नवी वही पुजते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आपल्या थरथरत्या अक्षरांत लिहिते: मागील बाकी, येणे रुपये 15,840.