दुसऱ्या मालकाच्या गाडीची चावी कोणाकडे?

प्रति,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

विषय : इंटरनेटशी जोडलेल्या वापरलेल्या गाड्यांची सायबर सुरक्षा

इंटरनेटशी जोडलेल्या मोटारीत सिम बसवलेले असते. त्यावरून गाडी कंपनीच्या सर्व्हरशी सतत बोलत राहते, आणि मालकाचा मोबाइल त्या सर्व्हरमार्फत तिला हुकूम सोडतो. दार उघडणे, एसी लावणे, गाडी कुठे उभी आहे ते पाहणे ही कामे घरबसल्या होतात. भारतात २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्यांच्या जाहिरातीत हीच सोय पुढे केली होती.

गाडीच्या आत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचे छोटे संगणक ‘कॅन’ या जाळ्याने जोडलेले असतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये मांडली. संदेश नेमका कोणी पाठवला, हे पडताळण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. बाहेरचा कोणी आत शिरेल, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या अमेरिकी संशोधकांनी महामार्गावर धावणारी जीप चेरोकी दूर बसून मंदावून दाखवली. मोबाइल नेटवर्कवरून ते गाडीच्या म्युझिक सिस्टिममध्ये शिरले आणि तिथून कॅनपर्यंत पोचले. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्यासाठी मालकांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवले गेले.

किआचे २०२४ मधील प्रकरण मात्र अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण तिथे गाडीत शिरण्याची गरजच पडली नाही. अमेरिकेत विक्रेत्यांसाठीच्या संकेतस्थळातील त्रुटीमुळे केवळ नंबरप्लेटवरून गाडीचा ताबा अनोळखी माणसाला मिळू शकत होता. तो कुलूप उघडू शके, इंजिन सुरू करू शके, गाडीचा ठावठिकाणा पाहू शके. खऱ्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. संशोधकांनी कळवल्यावर कंपनीने ती त्रुटी दूर केली.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५५ च्या धर्तीवर भारतात एआयएस-१८९ हे सायबर सुरक्षा मानक आखले गेले आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी एआयएस-१९० आहे. ही दिशा योग्य आहे. मात्र अशा मानकांचा सारा भर गाडी बनवणाऱ्या कंपनीवर आणि नव्या मॉडेलच्या मंजुरीवर असतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते, आणि तेवढ्या काळात ती अनेकांच्या हातून जाते.

पुण्या-मुंबईत काही वर्षे वापरलेली मोटार नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या केळी व्यापाऱ्याकडे येते, तेव्हा आरटीओत नमुना २९ आणि ३० भरून आरसी बुकावर नवे नाव चढते. गाडीच्या मोबाइल अ‍ॅपवरील खाते मात्र आधीच्या मालकाच्या मोबाइल क्रमांकावरच राहू शकते. त्याने ते काढले नाही, तर विकलेली गाडी कुठे फिरते आहे हे त्याला दिसत राहते, काही मॉडेलांत दारही उघडता येते. इथे हॅकरची गरजच नाही. या इंटरनेट सेवेच्या सदस्यत्वाची मुदत संपली की नवा मालक अ‍ॅपचा नाद सोडतो. जोडणी बंद पडली की अद्ययावत सॉफ्टवेअरही आपोआप येत नाही. ते घ्यायला सर्व्हिस सेंटर गाठावे लागते, आणि वॉरंटी संपलेली गाडी बहुधा गावच्या गॅरेजमध्येच जाते.

हस्तांतरणाची नोंद हे परिवहन खात्याचे काम आहे, हे खरे. पण मानके ठरवणाऱ्या समितीचे सचिवालय एआरएआयकडे आहे आणि तीन तरतुदी तिथूनच सुचवता येतील. मालक बदलल्यावर जुनी सर्व खाती तोडण्याची सोय गाडीच्या पडद्यावरच असावी, त्यासाठी जुन्या मालकाची परवानगी लागू नये. सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे विक्रीच्या वेळी लेखी द्यावे. आणि ती मुदत संपल्यावर बाहेरून येणारे हुकूम पूर्ण बंद करता यावेत, गाडी मात्र चालत राहावी.

अर्धापूर, जि. नांदेड