संगणकाचा पत्ता आणि ग्राहकाचा हक्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ साठी यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चिप असावी लागते. ती नसल्यामुळे एरवी धडधाकट असलेले कितीतरी संगणक एका तारखेसरशी म्हातारे ठरले आणि शाळा-महाविद्यालयांना, पतसंस्थांना व कचेऱ्यांना नव्या यंत्रांची तजवीज करणे भाग पडले. यंत्रांचा खर्च अंदाजपत्रकात धरता येतो. परंतु आरेखनाची, गणिती विश्लेषणाची किंवा अभियांत्रिकी चाचण्यांची जी महागडी पॅकेजे जुन्या यंत्रांवर रीतसर पैसे मोजून बसविलेली असतात, त्यांपैकी अनेक नव्या यंत्रावर चालण्याचे साफ नाकारतात. त्यांचा परवाना जुन्या यंत्रातील नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी जखडलेला असतो. ही गोष्ट बहुधा जुने यंत्र भंगारात गेल्यानंतरच ध्यानात येते.

या क्रमांकाला ‘मॅक अ‍ॅड्रेस’ म्हणतात. अ‍ॅपल कंपनीच्या मॅक संगणकाशी या नावाचा काही संबंध नाही. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी एकाच तारेवर अनेक संगणक जोडण्याची ‘इथरनेट’ पद्धत बसविली. तारेवरून जाणारा संदेश साऱ्याच यंत्रांच्या कानी पडणार, तेव्हा तो कोणासाठी आहे हे सांगणारा पत्ता त्यावर असणे आवश्यक होते. डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० साली मिळून जे मानक प्रसिद्ध केले, त्यात हा पत्ता ४८ बिटांचा ठरला. लिहिताना तो बारा चिन्हांचा होतो. त्यांतील पहिली सहा चिन्हे आयईईई ही अभियंत्यांची संस्था कारखानदाराला नेमून देते आणि उरलेली सहा कारखानदार आपल्या मालावर क्रमाने घालतो. एका कारखानदाराला मिळालेल्या एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते बसतात. दोन कार्डांचा पत्ता एक होऊ नये, एवढाच या साऱ्या व्यवस्थेचा हेतू होता. चाळीतल्या खोल्यांना टपालवाल्याच्या सोयीसाठी क्रमांक द्यावेत, तसाच हा प्रकार आहे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना या क्रमांकाचा मोह का पडला, हे समजण्यासारखे आहे. पुस्तकाची नक्कल करायला छापखाना लागतो. आज्ञावलीची नक्कल क्षणात होते आणि ती मुळाबरहुकूम असते. बिल गेट्स यांनी १९७६ साली हौशी संगणकप्रेमींना उद्देशून जे अनावृत पत्र लिहिले त्यात याच चोरीची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. त्यावर निघालेला एक तोडगा म्हणजे यंत्राच्या पाठीमागे लावायचे छोटे कुलूप, म्हणजेच ‘डोंगल’. मराठी अक्षरजुळणीच्या धंद्यात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना प्रिंटरच्या तारेआधी जोडावे लागणारे हे कुलूप आठवत असेल. ते हरवले की छापखान्याचे काम ठप्प होई. पुढे संगणकांना प्रिंटरचे ते जुने पोर्ट राहिले नाही आणि कुलूप शाबूत असूनही लावायला दार उरले नाही. या तुलनेत नेटवर्क कार्डाचा क्रमांक स्वस्त पडे, कारण तो यंत्राबरोबर आयताच येत असे. मोठ्या कंपन्यांच्या पॅकेजांसाठी परवाना-व्यवस्थापक आज्ञावली १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आल्या, तेव्हापासून हा क्रमांक कळवा आणि परवान्याची फाइल घ्या, असा शिरस्ता पडला.

या शिरस्त्यातली मेख तेव्हाच दिसायला हवी होती. सन कंपनीच्या अनेक वर्कस्टेशनांत हा क्रमांक बॅटरीवर चालणाऱ्या एका चिपमध्ये साठविलेला असे. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र स्वतःची ओळख विसरे आणि त्यावरील परवाने निकामी होत. ग्राहकाने ना नक्कल केलेली, ना अटींचा भंग केलेला. त्याची बॅटरी तेवढी संपलेली!

आज हा पत्ता शोधून कळविण्याचे काम कारकुनाच्या किंवा प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या माथी येते. विंडोजमध्ये काळ्या पडद्यावर ‘गेटमॅक’ ही आज्ञा टंकिली किंवा ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ची पुस्ती जोडली की ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ म्हणून तो दिसतो. लिनक्समध्ये ‘आयपी लिंक’ ही आज्ञा तेच काम करते. सांगायला हे सोपे वाटते. परंतु साध्या लॅपटॉपवरही असे तीन-चार पत्ते निघतात. एक तारेच्या जोडणीचा, दुसरा वायफायचा, तिसरा ब्लूटूथचा आणि कधी एखाद्या आज्ञावलीने निर्माण केलेल्या, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या कार्डाचाही. यांपैकी कोणता कळवावा, हे विक्रेत्याच्या पत्रात बहुधा नसते. बाराही चिन्हे शून्य ते नऊ हे आकडे व ए ते एफ ही अक्षरे यांतूनच येतात, म्हणजे इंग्रजी ‘ओ’ त्यात कधीच नसतो. पण हे ठाऊक नसलेला माणूस शून्याचा ‘ओ’ करतो, ‘बी’चा आठ करतो, आणि आलेली फाइल चालत नाही. बारीक अंगाच्या नव्या लॅपटॉपांना तारेचे पोर्टच नसते. तेथे बाहेरून जोडण्याचा अडॅप्टर वापरतात आणि त्या अडॅप्टरला स्वतःचा पत्ता असतो. तो कळविला गेला तर परवाना यंत्राचा न राहता त्या टीचभर वायरीचा होतो. पुढे ती वायर शेजारच्या विभागाने मागून नेली की परवानाही तिच्याबरोबर जातो.

एवढा उपद्व्याप करून चोरीला तरी आळा बसतो काय? तोही बसत नाही. हा पत्ता वापरणाऱ्याला बदलता यावा, अशी सोय मानकातच आहे. पत्ता ‘स्थानिक’ आहे की कारखान्यात दिलेला, हे सांगण्यासाठी त्यात एक बिट मुद्दाम राखून ठेवलेला आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक चालविणाऱ्या आज्ञावलींमध्ये तर पत्ता हा मांडणीचा एक रकाना असतो; हवा तो भरावा. अप्रामाणिक माणसाला हे सारे माहीत असते. अडतो तो बिल जपून ठेवणारा प्रामाणिक ग्राहक.

शिवाय हा पत्ता उघड करणे इष्ट नाही, असे खुद्द संगणक उद्योगच आता मानू लागला आहे. ऑफिस ९७ मध्ये तयार झालेल्या कागदपत्रांत नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून बनलेला क्रमांक गुपचूप उमटत असे. १९९९ साली हे उघडकीस आल्यावर मोठा गहजब झाला आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. अ‍ॅपलने २०१४ पासून आयफोनला वायफाय शोधताना खोटा पत्ता सांगण्यास शिकविले. अँड्रॉइडने २०१९ मध्ये जोडणीच्या वेळीही बदलता पत्ता देण्याची पद्धत नेहमीची केली आणि पुढल्या वर्षी आयफोनानेही तीच वाट धरली. एकीकडे हा पत्ता कोणाला कळू नये म्हणून झटायचे आणि दुसरीकडे त्याच्याच आधारे कोणाचा परवाना खरा हे ठरवायचे, ही विसंगती उद्योगाला खटकत नाही, याचे नवल वाटते.

खरा प्रश्न मात्र ग्राहक नेमके काय विकत घेतो, हा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ असून त्यावर विक्रीकर लागू शकतो, असा निर्णय दिला. २०२१ मध्ये, परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठी दिलेली किंमत ही ‘रॉयल्टी’ आहे काय, या आयकराच्या वादातही न्यायालयाने हा व्यवहार मालाच्या विक्रीसारखाच मानला. मग करासाठी जो माल, तो ग्राहकाने दुसऱ्या यंत्रावर नेताच केवळ ‘परवाना’ कसा होतो? युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ साली यापुढचे पाऊल टाकले. कायम मुदतीचे सॉफ्टवेअर घेणाऱ्याने आपली प्रत निरुपयोगी केली असेल, तर त्याला ते दुसऱ्यास विकता येते, असे त्या न्यायालयाने म्हटले. येथे तर विकण्याचीही गोष्ट नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्याचाच काय तो वाद आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने, ज्याच्याजवळ आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला, ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामाकरिता वापरण्यासाठी, तसेच नाशापासून तात्पुरता बचाव म्हणून प्रती काढण्याची मुभा दिलेली आहे. परंतु जी प्रत जळालेल्या कार्डाचा क्रमांक मागत बसते, ती कायद्याने जवळ ठेवता आली तरी तिचा उपयोग काय? २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला ते वगळते, हे खरे. तथापि या अपवादाच्या भरवशावर एखादा प्राचार्य वा कार्यालय-अधीक्षक कुलूप उघडायला धजेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

काही कंपन्यांनी आता यंत्राऐवजी वापरणाऱ्याच्या खात्याशी परवाना जोडला आहे. त्याने पत्त्याची कटकट मिटते, पण बहुधा त्याबरोबर वार्षिक भाडे सुरू होते आणि भाडे थकले की स्वतःच्या जुन्या फाइलीही उघडणे अवघड होते. केरळच्या शासकीय शाळांनी दीर्घकाळ लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली चालविली आहे. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परंतु ज्या विशेष पॅकेजांना खुला पर्याय नाही, ती विकत घ्यावीच लागतात. तेथे निविदेत दोन कलमे घालणे संस्थांच्या हातात आहे. यंत्र बिघडल्यास वा बदलल्यास परवाना विनामूल्य व ठरावीक दिवसांत नव्या पत्त्यावर बदलून मिळावा, हे एक. विक्रेत्याने धंदा बंद केल्यास कुलूप काढलेली प्रत मिळावी, हे दुसरे. विक्रेते या अटी सुखासुखी मान्य करणार नाहीत. एकट्यादुकट्या महाविद्यालयाला ते धूपही घालणार नाहीत. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण संचालनालयाने संलग्न संस्थांची खरेदी एकत्र करून या अटी पुढे ठेवल्या, तर मात्र त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे विक्रेत्यांना परवडणार नाही.