मंचावरचा मोबाइल उचला

पुण्यातल्या मैफलींत गायकाच्या मांडीशेजारी ठेवलेला मोबाइल आता कुणाला खटकेनासा झाला आहे. त्यातून तंबोऱ्याचा आवाज येत असतो. एक वायर ध्वनिव्यवस्थेकडे गेलेली असते आणि गायकाच्या मागची जागा रिकामी असते. तंबोरा नाही, तो छेडणारं माणूस नाही. श्रोते दाद देतात, आयोजक शाल देतात, आणि गाण्याचा पायाच मंचावर नव्हता हे कुणी बोलत नाही. मला हे असह्य होतं. लोकांना बोलावून, तिकीट लावून जो गातो त्यानं मंचावर खरा तंबोरा ठेवलाच पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्यानं मैफल पुढे ढकलावी.

रियाजाबद्दल माझी तक्रार नाही. दोन खोल्यांच्या घरात, पहाटे, शेजाऱ्यांना सांभाळून मशीन लावून गाणाऱ्याला मी कशाला अडवू? बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी बनवली, तेव्हापासून एकट्यानं मेहनत करणाऱ्या हजारोंची सोय झाली. पण घरातली सोय मंचावर आली आणि बघता बघता तिनं मंच बळकावला.

आणि कुठे बळकावला? पुण्यात. हे शहर ज्या किराणा घराण्याचा वारसा सांगतं, त्यातले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, 1937 मध्ये गेल्यावर तिथेच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरू 1952 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात त्यांच्या स्मृतीचा उत्सव सुरू केला. एकेका स्वराच्या लागण्यावर जीव टाकणारं हे किराणा घराणं. त्या उत्सवाच्या, म्हणजे सवाईच्या, मंचावर गायकाच्या दोन्ही बाजूंना तंबोरे दिसतात, त्यांचे फोटो निघतात. मग बाकीचे अकरा महिने या शहराला तंबोरे का परवडत नाहीत? छोट्या सभागृहांत, सोसायटीच्या दिवाळी पहाटेला, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात ते कुठे जातात?

‘कानाला फरक कळत नाही’ हे पहिलं उत्तर. ज्यांना कळत नाही त्यांनी निदान आपल्या कानांना प्रमाण मानू नये. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते. तिला बारीक उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर सतत टेकते, सुटते. तिच्याखाली दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला झंकार, खुलते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू असतात ते उपस्वर उमटू नयेत, असं यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम सांगतो. तंबोरा तो नियम मोडतो आणि ते सगळे उपस्वर जोरकस ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो तो असा. तो गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, आणि गायकाला आपला गंधार लावायचा असतो तो त्याच्याशी.

आता मोबाइलचं बघा. काळी एक पट्टीत खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 कंपनांची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तेवढा खोल स्वर बाहेरच पडत नाही, वरचे उपस्वर तेवढे किणकिणतात. मग वायर जोडून मोठ्या स्पीकरमधून तो आवाज सभागृहभर ओततात, आणि खर्ज नुसता घुमत राहतो. पहिल्या पेट्यांत आवाज सर्किटमधून तयार व्हायचा, आजच्या ॲपमध्ये बहुतेक खऱ्याच तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण असतं, हे मला ठाऊक आहे. पण ते कुठल्यातरी स्टुडिओत, कुठल्यातरी दिवशी, दुसऱ्याच कुणीतरी छेडलेल्या तारांचं. तेच आवर्तन फिरून फिरून वाजतं. आज समोर गाणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

खऱ्या तंबोऱ्याचा असतो. गायकानं षड्ज अचूक लावला की जवळच्या तंबोऱ्याच्या तारा न छेडताच थरथरू लागतात. मी मागे बसून साथ केली आहे, ती थरथर बोटांना कळते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आणि जुलैच्या दमट हवेत लाकूड, दोरा, तार वेगळं वागतात. दिव्यांच्या उष्णतेनं अर्ध्या ख्यालात मधल्या दोन तारांचा जोड किंचित उतरतो, आणि साथ करणारा मणी सरकवून तो गुपचूप जागेवर आणतो. गायक तार षड्जाकडे निघाला की बोटांचं वजन बदलतं, तो विसावला की तंबोराही सैलावतो. तंबोऱ्यालाही माइक लावतात, मग फरक काय, असं विचारणारे भेटतात. फरक हा की माइक आत्ता घडलेली गोष्ट पोचवतो.

गिटार वाजवणाऱ्यांत हाच वाद पेटलेला आहे, आणि त्यांच्याकडून आपल्या गाणाऱ्यांनी शिकावं. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जड असतात. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब तीस किलोच्या घरात जातो, व्हॉल्व्ह तापतात, बदलावे लागतात. उलट ॲक्स-एफएक्स किंवा 2011 मध्ये आलेला जर्मन केंपर असे डिजिटल खोके त्या जुन्या ॲम्पची हुबेहूब नक्कल करतात आणि बगलेत मारून नेता येतात. तरीही मंचावर व्हॉल्व्हचा ॲम्प ओढत नेणारे वादक आहेत, कारण मागच्या स्पीकरनं हलवलेली हवा गिटारच्या तारेला पुन्हा कंप देते आणि वादक त्या कंपाशी खेळतो. मी त्यांच्या बाजूची आहे. पण गिटारच्या त्या डिजिटल खोक्याला निदान वादकाच्या बोटांची दखल घ्यावी लागते. जोरात छेडलं तर आवाज फाटतो, हळू छेडलं तर निवळतो. आपल्या मंचावरच्या तंबोरा ॲपला तेवढंही करावं लागत नाही. गायक मेला काय, जगला काय, ते वाजत राहतं. इतकी हलकी नक्कल रॉक वाजवणारा पोरगाही मंचावर खपवून घेणार नाही, आणि आपण ती स्वरसाधना म्हणून मिरवतो.

दुसरं उत्तर प्रवासाचं. भोपळा फुटतो, विमानात नेता येत नाही. मान्य. म्हणून तर मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्याशिवायच्या चपट्या तंबोऱ्या केल्या. आणि पुण्यात गाणाऱ्याला विमान कशाला हवं? या शहरात गाण्याचे क्लास, गुरुकुलं, जुन्या संस्था गल्लोगल्ली आहेत. भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्ये स्थापलेला भारत गायन समाज इथेच आहे. गवसणीत गुंडाळलेला तंबोरा इथे रिक्षानं पोचतो.

तिसरं उत्तर कुणी उघड देत नाही, आणि खरं कारण तेच आहे. तंबोऱ्यावर बसणाऱ्या माणसाला मानधन द्यावं लागतं. एका आयोजकांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘ताई, तबला-पेटीचं बजेट आहे, तंबोऱ्याचं नाही. बुवांकडे ॲप आहे.’’ त्याच कार्यक्रमाला मंचामागे प्रायोजकांच्या नावांचा भिंतभर फलक होता. अशा आयोजकांना संगीताची सेवा हा शब्द उच्चारायचा अधिकार नाही. आणि जे बुवा ‘ॲप आहे’ म्हणून मान डोलावतात, ते आपल्याच शिष्याच्या ताटातलं काढून घेतात. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणं हेच शिष्याचं खरं शिक्षण असतं. गुरू श्वास कुठे घेतात, राग कसा उघडतात, श्रोते थंड पडल्यावर काय करतात, हे दोन हातांच्या अंतरावरून बघायला मिळतं. मध्येच गुरूंनी खूण केली की चार स्वर भरायचे, भर सभेत. ती जागा आपण फोनला दिली. परिणाम समोर आहे. विशारद झालेली मुलं मला भेटतात, गळा तयार, ताना सफाईदार, आणि तंबोरा हातात दिला की खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते माहीत नाही. पट्टीचा आकडा दाबून षड्ज मिळवणाऱ्या कानाला षड्ज शोधावाच लागलेला नसतो.

तिकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काय चाललंय याचीही जरा चौकशी करा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसानं, तिथे ही वाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि घोडी घासत जवारी काढणारा कान, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लीनं सांभाळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण पुण्यात बातम्या वाचून अभिमानानं पुढे पाठवल्या. पण मानांकनानं कारागिराची चूल पेटत नाही, तंबोरे मंचावर वाजले, त्यांची जवारी उतरली, ती काढायला माणूस बोलवावा लागला, तर पेटते. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मिरज येतं, इतक्या जवळच्या विद्येला आपण ॲपच्या भरवशावर उपाशी ठेवतो आहोत.

म्हणून आयोजकांकडे माझी मागणी अगदी नेमकी आहे. दोन तंबोरे, ते छेडणाऱ्या दोघांना तबलजीसारखं ठरवून मानधन, पत्रिकेवर त्यांची नावं, आणि पडदा उघडण्याआधी तंबोरे जुळवायला मंचावर अर्धा तास, ज्यात कुणी माइक तपासणार नाही आणि निवेदक बोलणार नाही. अंदाजपत्रकात हे बसत नसेल तर आधी मंचावरची फुलांची आरास कापा, पाहुण्यांच्या शाली कापा, स्मृतिचिन्हं कापा. त्यानंतरही पैसे पुरले नाहीत तर मला फोन करा, मी तंबोरा घेऊन येते.